पुढचं वजन

शेवटचा स्क्रू घट्ट बसला तशी मेघालीने पेचकस ओढणीला पुसला आणि एकेक पॅडल हाताने दाबून पाहिलं. डावं दाबलं की होडीच्या मागची छोटी मोटर एका अंगाला वळत होती, उजवं दाबलं की दुसऱ्या. दोरी कुठे अडकत नव्हती. सुदेश काठावर उभा राहून बघत होता. त्याच्या शर्टाची डावी बाही कोपराखाली दुमडून पिन लावलेली होती.

"आता बसून बघा," मेघाली नवऱ्याला म्हणाली.

होडी लहानशी, फायबरची. कल्याणच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्याला, धरणाच्या पाण्यालगत सगुणामावशीचं घर होतं, तिच्या अंगणात ती पालथी घालून ठेवलेली असायची. सुदेश चेंदणी कोळीवाड्यातला. आजा ठाण्याच्या खाडीत जाळी टाकायचा. नातू वागळे इस्टेटमध्ये प्रेस मशीनवर लागला. पण पाणी काही सुटलं नाही. सुट्टी आली की तो वर्तकनगरच्या घरातून पहाटे निघायचा आणि एकटाच इथे यायचा. गळ मागे लांब सोडायचा आणि संथ वल्हवत पाण्याला फेऱ्या मारायचा. मोठा मासा चालत्या होडीमागेच लागतो, असं तो म्हणायचा. मेघाली कधी त्या होडीत बसली नव्हती. त्याने कधी बोलावलं नव्हतं.

मग प्रेसने हात नेला. तो महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. शेवटी मेघालीच म्हणाली, "चला, मी वल्हवते."

तिला वल्हवता येत नव्हतं. तळहाताला फोड आले, ते फुटले, तिथे घट्टे पडले. ती पुढच्या फळीवर बसायची, तो मागे गळ धरून. पहिले काही रविवार तो एक अक्षर बोलला नाही. घरातही त्याचं बोलणं जेवण वाढण्यापुरतंच होतं, लग्न झाल्यापासून. एकदा तिचे खांदे भरून आले. तिने वल्हं वर घेतलं. होडी थांबली, गळ तळाला जाऊन कशात तरी अडकला.

"काहीतरी बोला की," ती म्हणाली. "मुक्या माणसाला कुठवर ओढू?"

सुदेशने गळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आणि बोलायला लागला. आई मासळीची पाटी घेऊन बाजारात जायची तेव्हा तो घरात कसा एकटा रडायचा. बापाचा पट्टा. हॉस्पिटलात शुद्ध आल्यावर वाटलेली भीती. मेघाली ऐकत राहिली. होडी पार पलीकडच्या टोकाला पोचली, तिला कळलंसुद्धा नाही.

तेव्हापासून ती रविवारसाठी जगायला लागली. वागळे इस्टेटमध्येच एका कारखान्यात ती पॅनेलचं वायरिंग करायची. वायरी जोडताना त्याचं एकेक वाक्य आठवून स्वतःशीच हसायची. हात गेला पण नवरा मिळाला, असं तिला वाटायचं, आणि असं वाटलं म्हणून लाजही वाटायची.

मध्ये एकदा काठावर कोणीतरी गळवाला हसत म्हणाला, "काय सुदेश, ड्रायव्हर ठेवलीस काय?" त्या दिवशी सुदेश जेवला नाही. मेघालीने मनाशी ठरवलं.

तिने होडीचा तळ खरवडला, तडा गेला होता तिथे फायबरचा थर चढवला. बॅटरीवरची मोटर आणली, वायरिंग स्वतः केलं. पायाने वळवायची पॅडलं बसवली. गळाची काठी उभी राहील असा पाइप शेजारच्या वर्कशॉपमधून वेल्डिंग करून आणला आणि होडीच्या काठाला बोल्टने आवळला. रिळाचा दांडा उजव्या बाजूला घेतला. मासा वर उचलायच्या जाळीची मूठ कापून आखूड केली. एका हाताच्या माणसाला जे जे नडेल ते तिने एकेक करून काढून टाकलं.

आता सुदेश मागे बसला आणि होडी निघाली. त्याने जवळच एक गोल फेरी मारली, मग उलटी. काठी हातात न धरता गळ मागे ओढत नेला, रीळ फिरवून आत घेतला. मेघालीने त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

"एकट्याला जमतंय गं! सगळं एकट्याला जमतंय!"

ती टाळ्या वाजवत हसली. तो काठाला आला. पुढची फळी रिकामी असल्यामुळे होडीचं नाक वर उचललेलं होतं. मेघालीने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, डबा घेतला आणि पाण्यात उतरली. आज वल्हं नव्हतं. आज ती त्याच्याकडे तोंड करून आरामात बसणार होती.

"थांब," सुदेश म्हणाला. मग घराकडे वळून त्याने हाक मारली, "मावशी, पाण्याचे दोन कॅन भरून द्या ना!"

सगुणामावशीने कॅन आणले. सुदेशने ते एका हाताने एकेक करत पुढच्या फळीवर ठेवले आणि गुडघ्याने रेटून नीट बसवले. होडीचं नाक खाली आलं.

"पुढे वजन लागतं," तो म्हणाला.

"मी आहे ना पुढे."

"तू कशाला आता? घरी जा. झोप काढ."

मावशी तिथेच उभी होती. मेघालीने होडीचा काठ सोडला नाही. "मला नाही झोप काढायची," ती हळू आवाजात म्हणाली. "इथे आपण बोलतो. घरी कुठे बोलता तुम्ही?"

सुदेशने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"वल्हं तुझ्या हातात होतं, मेघाली. गप्प राहिलो असतो तर तू होडी थांबवली असतीस. चल, ढकल जरा."