साडेपाच इंचांवर

मास्तरांच्या दंडावरची निळी रेघ गायब होती.

नकाशेवाली ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचरपाशी उभी राहिली आणि बघतच राहिली. सकाळी सातला चांगली दहा मिनिटं खर्चून तिने ती रेघ काढली होती. चौकशी केल्यावर उलगडा झाला. मास्तर शिंपी, आणि त्यांच्या दुकानात काजं-बटणं आणि डाग काढणं ही दोन्ही खाती बायकोकडे. शाईचा डाग दिसल्यावर काकूंना चैन कसं पडणार? नर्सकडून स्पिरिटचा बोळा मागून घेऊन त्यांनी दंड लख्ख करून टाकला होता.

"अहो, मला वाटलं, कुणाचं तरी पेन लागलं," काकू ओशाळून म्हणाल्या.

नकाशेवालीला हसू आलं, पण रेघेशिवाय चालणार नव्हतं. दुकानातल्या स्टुलावरून पडून मास्तरांच्या उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं होतं. तिथे धातूची पट्टी बसवायची, आणि नेमकी तिथूनच एक नस हाडाला वळसा घालून जाते. तिला धक्का लागला तर मनगट उचलत नाही. नकाशेवालीचं हे एकटीने करायचं पहिलंच ऑपरेशन होतं. कॉलेजात बाकीचे परीक्षेपुरतं पाठ करायचे, तेव्हा ही हातापायांच्या नसांचे नकाशे वह्यांमधून गिरवत बसायची. नाव पडलं ते तिथेच.

"मनगट उचललं नाही तर कात्री?" मास्तरांनी विचारलं.

"कात्रीही नाही," तिने खरं ते सांगितलं. "म्हणून तर आधी आखून घेते. कोपराच्या या बाहेरच्या हाडापासून वर साधारण साडेपाच इंच. पण कुणाची नस थोडी वर असते, कुणाची खाली."

मास्तर खूश झाले. "म्हणजे तुमच्यातही रेडिमेड चालत नाही. गिऱ्हाइकागणिक माप."

काकूंनी पिशवीतून टेप काढून दिला. नकाशेवालीने मोजलं, हाडाचे उंचवटे बोटांनी पुन्हा चाचपले आणि रेघ ओढली. मास्तर मान वाकडी करून बारकाईने बघत होते. स्पिरिटने पुसूनही पहिल्या रेघेचा फिकट माग राहिला होता, आणि नवी रेघ बरोबर त्याच्यावर बसली होती.

"न्या आता आत," मास्तर म्हणाले. काकूंनी पदराने डोळे टिपले, पण दंडाला हात लावला नाही.

आत मोठे डॉक्टर हाताची घडी घालून मागे उभे होते. रेघेच्या खाली, स्नायू बाजूला होताच, नस दिसली. पांढुरकी, बुटाच्या नाडीएवढी. सांगितल्या जागी, मुकाट पडलेली. नकाशेवालीने तिला अलगद बाजूला घेतलं, तिच्याखालून पट्टी सरकवली आणि एकेक स्क्रू बसवला. मोठे डॉक्टर अवाक्षर बोलले नाहीत, आणि तेवढ्यानेच तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वॉर्डात आली, तेव्हा मास्तर उशीला टेकून बसले होते.

"मास्तर, मनगट वर करा."

हात हलला नाही. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी आवाज जरा कापला.

"हो हो, ऐकलं मी," मास्तर म्हणाले. त्यांचं लक्षच दुसरीकडे होतं. मग पंजा सरळ वर उठला, बोटं उलगडली आणि त्यांनी तिच्या पांढऱ्या कोटाची बाही चिमटीत पकडून उलटी करून बघितली.

"पाऊण इंच लांब आहे," ते म्हणाले. "रेडिमेड घेतलात ना?"

काकूंनी पिशवीतून टेप काढला.