वारसांची सोय

आप्पांची दोन्ही मुलं समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, पण त्यांच्यात अबोला आहे. एकाच्या दाराची कडी वाजली की तो जिना उतरून जाईपर्यंत दुसरा आतच थांबतो.

त्या दिवशी वकीलसाहेब कागद तयार करूनच आले.

“आप्पा, दोन्ही फ्लॅट आत्ताच ज्याचे त्याच्या नावावर करून टाका. नाहीतर तुमच्या माघारी पोरांना मृत्युपत्राच्या प्रोबेटसाठी, म्हणजे मंजुरीसाठी, कोर्टात खेटे घालावे लागतील.”

“दोघांनाही?”

“दोघांनाही. दर तारखेला दिवसभर एकाच बाकावर बसायचं.”

“किती वर्षं चालतं हे?”

“पाच-सहा तर कुठेच गेली नाहीत.”

आप्पांनी उघडलेल्या पेनाला पुन्हा टोपण लावलं.



“मग राहू द्या, वकीलसाहेब. कंटाळून का होईना, बोलतील एकमेकांशी.”