बुचाचा घोडा

मोबाइलवर बुद्धिबळाचे हजारो डाव जिंकलेली नर्स पहिल्यांदाच क्लबमध्ये आली, ती सगळ्यांना धूळ चारायचीच अशा तोऱ्यात. समोर क्लबमधले जुने खेळाडू, सायकल दुरुस्त करणारे आजोबा बसले. “पोरी, काळा घोडा हरवलाय. हे बाटलीचं बूच म्हणजे घोडा. विसरू नकोस हं!” अर्ध्या तासात तिने आजोबांना घाम फोडला. मग जोशात बूच म्हणजे घोडा हे विसरून वजीर पुढे सरकवला आणि बुचाने टुणकन उडी मारून तो खाल्ला. खोलीत हशा पिकला. कपाळावर हात मारून तीही हसत सुटली. मोबाइलवर हरून कधी हसू फुटलं नव्हतं. “आजोबा, पुढच्या रविवारी नवा घोडा आणते.” आजोबांनी हळूच टेबलाचा ड्रॉवर उघडला. आत काळा घोडा निवांत पहुडला होता. “नवीन माणूस आलं की याला सुट्टी!” तिने ड्रॉवर बंद केला. “राहू द्या आतच. आमचे डॉक्टर मोबाइलवर जिंकून मिरवतात, त्यांनाच आणते!”