पांढरं फडकं

गुणसिरीने बापाच्या पावलांना पुन्हा हात लावला. गारढोण. नाकाशी बोट धरलं, श्वास काही लागला नाही. "अप्पा," त्याने हळूच हाक मारली. ओडिरिस हलला नाही.

त्याला हंबरडा फुटणार होता. तो त्याने गिळला, कारण बाहेर उजाडत होतं. गावात कुणी मेलं की त्या दिवशी कुणाचंच रापणीचं जाळं समुद्रात पडत नाही. अंगणाअंगणात पांढरी फडकी चढतात, आणि ज्याची पाळी असेल त्याची बुडते. आज पाळी गुणसिरीची होती. वाटेकरी इतके वाढले होते की ती वर्षातून एकदाच यायची. आता वारं फिरलं की समुद्र बंद. मग कर्जापायी बापाचा रापणीतला वाटा मुदलालीच्या घशात घालायचा आणि जन्मभर त्याचा दोर ओढायचा. मासळीचा तो व्यापारी टपूनच बसला होता.

आणि म्हातारा तरी दुसरं काय सांगत होता? रात्री धाप लागलेली, तरी एकच पालुपद, "पाळी सोडू नको. मी खडकावर येतो." उभा जन्म त्याने त्या खडकावर काढला होता. तिथून पांढरं फडकं हलवून तो होडीला मासा दाखवायचा. ते फडकं आताही त्याच्या उशाशी होतं.

"दुपारपर्यंत थांब अप्पा," गुणसिरी म्हणाला. "मग सगळं रीतसर करतो." शेजारच्या बायका डोकावतील म्हणून त्याने बाहेरून कुलूप घातलं. घराला खिडकी एकच, ती गेल्या वादळात फळ्या ठोकून बंद केलेली.

किनाऱ्यावर पाळ्या लावणारा कारोलिस मामा उभा होता. "ओडिरिस कुठाय रे?"

"झोपलाय. बरं नाही त्याला."

"पाळीच्या दिवशी झोपलाय?" मामा खो खो हसला. "अरे, रापणीची आरोळी ऐकली तर सरणावरून उठून येईल तो!"

सगळे हसले. गुणसिरीही हसला आणि दोराला लागला.

असा मासा गावाने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा आत नुसता बांगडाच बांगडा उसळत होता. ओढणारे गळा फाडून ओरडत होते. बायका टोपल्या घेऊन धावल्या. मुदलालीचं तोंड एवढंसं झालं. गुणसिरीला आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाजही वाटली.

दुपारी त्याने दोन टपोरे बांगडे उचलले. "चल मामा, अप्पाला दाखवू," तो म्हणाला. साक्षीला कुणीतरी हवंच होतं.

शेजारची सोमावती कुंपणाशी उभी होती. "मांजर कोंडून गेलास की काय रे? कधीचं दार वाजत होतं. आत्ता कुठे गप्प झालंय."

गुणसिरीच्या घरी मांजर नव्हतं.

दाराखालच्या फटीतून पांढऱ्या फडक्याचं टोक बाहेर आलं होतं. वाऱ्याने ते हलत होतं. किल्ली कुलपात जाईना. शेवटी मामानेच कुलूप काढलं आणि दार ढकललं. ते आत जाईना. दोघांनी मिळून जोर लावला, तेव्हा दाराला टेकून बसलेला ओडिरिस हळूहळू एका अंगावर कलंडला. फडक्याचं दुसरं टोक त्याच्या मुठीत होतं.

मामा खाली बसला. त्याने म्हाताऱ्याच्या छातीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग त्याचे डोळे मिटवले आणि गुणसिरीला जवळ ओढून घेतलं.

"थोडक्यात चुकामूक झाली रे पोरा," तो म्हणाला. "अंग अजून ऊन आहे."