करंगळी

पडदा वर गेला तशी सभागृहातली माणसं मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघू लागली. ती मात्र त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीकडे बघत होती.

ती फिजिओथेरपिस्ट होती. दीड वर्षापूर्वी गाडीच्या दारात सापडून मास्तरांचा हात चेचला. व्हायोलिन वाजवणाऱ्याचा डावा हात. सर्जननी बाकीची बोटं वाचवली आणि करंगळीपुढे हात टेकले. "ती आता नुसती शोभेला," असं सांगून मोकळे झाले. तिला ते काही पटलं नाही. आठवड्यातून दोनदा ती त्या बोटामागे हात धुऊन लागायची. मेणाचा शेक, रबराचा चेंडू, मग कोनमापक. पहिल्या महिन्यात बोट सात अंश वाकलं. गेल्या शुक्रवारी एकावन्न. संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण हे एकावन्न अंश स्टेजवर नेमकं करतात तरी काय, हे बघितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

"टाळ्या कधी वाजवायच्या?" शेजारून नवऱ्याने हळूच विचारलं.

"लोक वाजवतील तेव्हा," ती नजर न हलवता म्हणाली.

मास्तरांनी तारेवर गज टेकवला. आधी लांबलचक, संथ सूर आले. पहिलं बोट पडलं, दुसरं, तिसरं. करंगळी आली नाही. येईल, ती मनाशी म्हणाली. लय वाढली. बोटं तारेवरून घसरत वर जायला लागली. जिथे करंगळी पडायला हवी तिथे तिसरं बोटच धावत जायचं आणि लगबगीने परत यायचं. करंगळी परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी बाजूला अवघडून उभी होती. असा तासभर गेला. लोक उठून उभे राहिले, तशी तीही उठली. नवरा जोरजोरात टाळ्या वाजवत होता. तिचे हात उगाच एकमेकांवर आपटत होते.

मागच्या खोलीतली गर्दी ओसरेपर्यंत ती दाराशी थांबली.

"मास्तर, करंगळी एकदाही टेकली नाही."

व्हायोलिन पुसता पुसता मास्तर थांबले. जरा ओशाळले. "तिच्याशिवायच बसवलंय सगळं. तीन बोटांवर. वर्ष होत आलं त्याला."

"वर्ष?" रागवावं की हसावं ते तिला कळेना. पण सगळ्यांत आधी तिला जाणून घ्यायचं होतं. "मग माझ्याकडे कशाला येत होता?"

मास्तरांनी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"घरात, बाहेर, जो भेटेल तो एकच विचारायचा, वाजवणार कधी? मग मला व्हायोलिनच्या पेटीला हात लावायचीसुद्धा भीती वाटायची. तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही ते बोट धरून बसायचात, अर्धा अंश वाढला तरी खूश व्हायचात." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "बाई, कितीतरी महिने, तुमच्याकडे येऊन गेलो की त्याच दिवशी तेवढी माझी व्हायोलिनची पेटी उघडायची."