कोणी कोणाला धरलं

“कट!” शीतल ओरडली आणि बुडणारी बार्ज मध्येच थांबली.

गोव्यातल्या सुर्ल्याच्या बंद खाणीत हिरवं पाणी साचलं होतं. त्या पाण्यावर लोखंडी सांगाड्याची अर्धी बार्ज, खनिज वाहायची सपाट बोट, उभी केली होती. क्रेनने एक बाजू उचलली की डेक कलायचा, पंपाचं पाणी उसळायचं आणि पंचवीस माणसं किंचाळत धावत सुटायची. काठावर छत्रीखाली बसलेल्या विठूला हसू आवरेना.

“काका, काही चुकलं का?” शीतलने विचारलं. मालिकेची दिग्दर्शिका तीच.

“आमी पाचच जण होतो, बाय. आणि कोणूच बोंबलूक नाय. आमचो तांडेल चपला शोधी होतो.”

सगळे हसले. शीतलने वीस जणांना जेवायला पाठवून दिलं.

गोष्ट शेहेचाळीस वर्षांपूर्वीची. मे महिन्याचा शेवट. सुर्ल्याकडून खनिज भरून बार्ज वास्कोला निघाली होती. नदीच्या मुखाशी वादळी वारा उठला, खनिजाची माती एका अंगाला सरकली आणि बार्ज कलंडली. बार्ज हाकणाऱ्या तांडेलासह तिघांना मागून येणाऱ्या बार्जने लगेच उचललं. पार्सेचा खलाशी विठू आणि सुर्ल्याचा इंजिनवाला गोकुळदास मात्र प्रवाहाबरोबर वाहत गेले. पाच तासांनी, दिवस मावळताना, ते एका मच्छीमार होडीला सापडले.

त्यानंतर विठू पुन्हा कामावर गेला नाही. पार्सेला जाऊन काजूच्या बागेत रमला. बार्ज कशी बुडाली ते तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना रंगवून सांगायचा. पण पाण्यातल्या त्या पाच तासांबद्दल कोणी विचारलं की उठून आत जायचा. गोकुळदासने मुलीच्या लग्नाचं आमंत्रण धाडलं, मग घरभरणीचं, मग नातवाच्या बारशाचं. दर वेळी विठूला ताप आला. बायको सुमंगला म्हणायची, “असो कसो तुमचो ताप, सुर्ल्याचा नाव काढला की चढता?”

आजही तो आला नसता. पण नात गौरवी हट्टाला पेटली. आजोबांवर मालिका निघते आहे आणि आजोबाच जाणार नाहीत, असं कुठे असतं? तिने त्याला गाडीत घालून आणलं. गोकुळदास आधीच येऊन बसला होता. केस पांढरेशुभ्र झालेले. त्याने शेजारची खुर्ची पुसली आणि विठूला बसवलं.

“आता मुख्य सीन,” शीतल म्हणाली. “साईश, तू विठूकाका. गोकुळदास बुडतोय. तू लाटेतून पोहत ये, त्याच्या काखेत हात घाल आणि त्याला वर उचल.” मग ती म्हाताऱ्यांकडे वळली. “गोकुळदासकाकांनीच सांगितलं मला. विठू नसता तर मी वाचलो नसतो, म्हणाले.”

गौरवीने फोन वर धरला. साईशने पाण्यात सूर मारला. पिळदार, देखणा मुलगा. सपासप हात मारत तो निघाला.

“बंद करा ता!” विठू उभा राहिला होता.

पंप थांबले.

“खोटा आसा ह्या सगळा,” तो म्हणाला. “माका पोवूक येयच नाय. बार्जीर लागताना येता म्हणान सांगितलंय, नायतर काम कोण देतलो? बुडताना ह्यो हाताक गावलो आणि मी ह्येच्या गळ्याक मिठी मारलंय. दोनदा ह्येका पाण्याखाली नेलंय. ह्यो एकटो असतो तर केव्हाच काठाक लागतो. जीव जाय होतो ह्येचो माझ्यापायी.”

तो गौरवीकडे बघत नव्हता. तिने फोन कधीच खाली घेतला होता.

गोकुळदास शांतपणे म्हणाला, “माका म्हायत आसा.”

“काय?”

“वाचवूक इल्लो माणूस नरड्यार नखा मारणा नाय रे. आठ दिवस घास गिळूक जमाक नाय माका.”

विठू त्याच्याकडे वळला.

“मग ह्या पोरीक खोटा कित्याक सांगितलंस?”

“खोटा खंय सांगितलंय?” गोकुळदास पाण्याकडे बघत म्हणाला. “बार्ज कलंडली तेव्हा लोखंड लागला माका, खांद्यार. एक हात उठत नाय होतो. थोडो वेळ पोवलंय, मग म्हटलंय, पुरे. डोळे मिटलंय आणि अंग सोडून दिलंय. भीती नाय, काय नाय. झोप येता तसा वाटला.” त्याने खांद्यावर हात नेला. “तितक्यात तू येवन गळ्यात पडलंस. बोंबलतंस काय, आवशीक हाक मारतंस काय! तुका घेवन बुडाचा कसा? तुझी नवी नवरी घरी वाट बघी होती. म्हटलंय, ह्येका आधी काठाक घालूया, मगे बघूया. त्या एका हातान सांज होयसर पाणी मारी रवलंय.”

विठू मटकन खाली बसला. तो लहान मुलासारखा रडू लागला. रडता रडता हसू लागला. गौरवी धावत येऊन त्याच्या गुडघ्याशी बसली. साईश काठाशी येऊन कमरेएवढ्या पाण्यात तसाच उभा होता.

शीतलने हातातले कागद मिटले. “काका, मग मी हा सीन कसा घेऊ? कोण कोणाला वाचवतंय?”

गोकुळदासने विठूच्या पाठीवर हात ठेवला.

“झाला तसाच घे, बाय. ह्यो माका बुडवता, म्हणान मी वाचतंय.”