गाडी काही बंद होईना

बहिरूनं किल्ली काढून हातात घेतली, तरी गाडी आपली धडधडतच होती.

"बघ नवनाथ," तो मेकॅनिकला म्हणाला, "किल्ली माझ्याकडं, आन ही बया सुरूच."

जुनी डिझेल गाडी. पंप बारक्या नळ्यांतून हवा ओढायचा. किल्ली फिरवली की त्या ओढीनंच डिझेल तुटायचं आन इंजिन थांबायचं. दारांची कुलपंपण त्याच ओढीवर चालायची, म्हणून नळ्या पार दारांपर्यंत गेलेल्या. आता कुठंतरी नळीला भोक पडलं होतं. बॉनेट उघडून दांडी दाबली तरच ती गप व्हायची.

आन आज दुपारी याच गाडीतून त्याच्या पोरीला, वैष्णवीला, लग्नाला सायखेड्याला न्यायचं होतं.

"व्याह्यांच्या मांडवासमोर फेटा बांधून बॉनेटात डोकं घालणार का?" बायको, साळूबाई, कडाडली. "मी शेजारच्या महेशची नवी गाडी सांगते."

"मी नाय बसणार दुसऱ्या गाडीत," मेंदीचे हात वर धरून वैष्णवी म्हणाली.

नवनाथ आत शिरला, काचा लावल्या, उदबत्ती पेटवली. धूर जिकडं ओढला जाईल तिकडं गळती. तो एकेका दारापाशी उदबत्ती फिरवायला लागला.

साळूबाईनं बाहेरून ते बघितलं. पळत जाऊन हळदीकुंकू आणलं, बॉनेटवर बोटं ओढली आन हात जोडून उभी राहिली. शेजारच्या दोघीपण येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, पूजा नाय ही! गळती शोधतोय!"

"शोध की. देव काय नको म्हणतोय का?"

मागच्या दारापाशी धूर वाकला आन फटीत शिरला. नवनाथनं दाराचं अस्तर उचकटलं. लग्नासाठी म्हणून बहिरूनं परवाच हौसेनं तिथं स्पीकर बसवून घेतला होता. त्याचा स्क्रू सरळ नळीत.

"दादा, वरातीचं गाणं नळीत ठोकलंय तुम्ही."

नळीचा तुकडा बदलला. बहिरूनं किल्ली फिरवली. गाडी गप. साळूबाईनं नवनाथच्या तेलानं काळ्या झालेल्या कपाळालापण कुंकू लावून टाकलं.

दुपारी सायखेड्यात गाडी मांडवासमोर थांबली. ताशा कडकडत होता. नवरीला ओवाळायला बाया ताट घेऊन पुढं आल्या. बहिरूचा हात किल्लीवर होता.

"पप्पा, बंद करा ना," मागून वैष्णवी हळूच म्हणाली.

"करतो गं," बहिरू समोर बघतच म्हणाला. "राहू दे की जरा सुरू."